कुंभारणीची खंडेनवमी

कुंभारीण माशी मातीचं घरटं बांधते, कोळी पकडून आणते, त्याला नांगी मारते आणि आत कोंबते. कोळी मरत नाही, नुसता लुळा पडतो. तिच्या अळीला ताजं अन्न मिळावं म्हणून. त्या विषात कोणकोणती रसायनं असतात, आणि विषाच्या पिशवीला लागून जी तेलकट ग्रंथी असते तिच्यात काय असतं, यावर माझी पीएचडी चाललीय. चालली होती म्हणावं का, तेही आता कळेनासं झालंय.

देहूकडच्या नदीकाठच्या माश्या मला मिळाल्या होत्या. तुलनेला हव्या होत्या कारखान्यातल्या, धुरात वाढलेल्या. पंचाईत अशी की, चाकण-भोसरीच्या शेडमधली घरटी दसऱ्याआधीच्या साफसफाईत खरवडून काढली जातात. मी दारोदार फिरले. "मॅडम, कचरा कशाला ठेवायचा?" हे ऐकून ऐकून कान किटले. शेवटी उरला माझा सख्खा मामा. मोशीत त्याची लोखंड कातायच्या दोन लेथची शेड आहे. तिथे खिडकीच्या चौकटीवर घरटी होती आणि आत कोष तयार होते. माद्या तिथल्याच धुरात पूर्ण वाढून बाहेर पडल्या की जिवंत पकडून लॅबमध्ये न्यायच्या, एवढंच राहिलं होतं. माझी फेलोशिप मार्चमध्ये संपते, म्हणजे पुढच्या पावसाळ्यातल्या नव्या घरट्यांची वाट बघायची सोय नाही.

मामाला बजावलं, "झाडू लावू नकोस, पाणी मारू नकोस, फवारा तर मुळीच नको."

"तुज्या कामाची वस्तू हाय ना? मग माज्या लेथसारखी जपतो," तो म्हणाला.

त्याने शब्द पाळला. खंडेनवमीला गेले तर शेड लख्ख, यंत्रांना झेंडूचे हार. घरट्यांनाही हार, हळदकुंकू. आणि मातीवर काळपट चमक.

"कालच लेथला तेल दिलं, तवा ह्या घरट्यांनाबी चोळलं," मामा खुशीत म्हणाला. "तडे जायला नकोत."

सगळं तेल मातीने पिऊन टाकलं होतं. मी एक कप्पा फोडला, दुसरा फोडला, मग सगळेच. आतल्या माश्यांना पंखसुद्धा फुटले होते. तेलात भिजून मेल्या होत्या. यांच्या ग्रंथीत आता काय शोधायचं, मशीनचं ऑइल?

मामावर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "मेल्या सगळ्या! माझं सगळं काम गेलं! तुला तेल लावायला सांगितलं होतं कुणी?" माझा नुसता जळफळाट होत होता. कुणी दुष्टपणाने केलं असतं तर निदान मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या. या असल्या मायेपुढे तीही सोय नाही.

 मामाने स्टूल ओढून खिडकीपाशी नेलं, वर चढून चौकटीवरच्या हाराला हात लावला.

"हार काढू का गं?" त्याने विचारलं.