हे गाणं कोणाकडून ऐकलं?

कोट धुवायला टाकायच्या आधी मी खिसे तपासते. अजूनही दर वेळी दोन-तीन चिठ्ठ्या निघतातच. एखादीवर चहाचा डाग, एखादीवर थरथरत्या अक्षरात वॉर्डचा नंबर. चिठ्ठी टाकून देता येते हो, पण तिच्याबरोबर आलेली गोष्ट कुठे टाकायची? ती साठत जाते. त्यातल्याच या काही.

*

मुलगी मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत गेली आणि लीड्समधलं आमचं घर एकदम गप्प झालं. हे दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मी घरी. त्याच हॉस्पिटलच्या नोटिसबोर्डवर एक कागद होता. पेशंटना हेडफोनवर ऐकवतात त्या रेडिओसाठी व्हॉलंटिअर हवे होते. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत, इंग्रजी कामापुरतं. तरी गेले.

मला केनच्या हाताखाली दिलं. केन म्हणजे सत्तरीला आलेला रिटायर्ड बसड्रायव्हर. दर गुरुवारी दुपारी तासभर तो कंट्री म्यूझिक, म्हणजे अमेरिकेतल्या घोडेवाल्या गुराख्यांची गाणी, लावायचा, आणि ते कुठून कुठून आलं तेही सांगायचा.

"मला त्यातलं काहीच कळत नाही," मी आधीच सांगून टाकलं.

"उत्तम! म्हणजे माझ्या चुका काढणार नाहीस, लव्ह."

घरी येऊन मी घाबरत घाबरत सांगितलं, "अहो, तो मला लव्ह म्हणाला!"

पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले, "अगं, आमच्या बसचा ड्रायव्हर मलाही म्हणतो!"

*

माझं काम वॉर्डावॉर्डांत फिरून फर्माइशी आणायचं. चिठ्ठीवर तीन ओळी असायच्या. पेशंटचं नाव, गाण्याचं नाव, आणि तिसरी केनची लाडकी: हे गाणं पहिल्यांदा कोणाकडून ऐकलं? ती रिकामी असेल तर गाणं लागायचं नाही.

"गाणं आकाशातून पडत नाही," तो म्हणायचा. "कोणीतरी आपल्या हातात दिलेलं असतं. त्या माणसाचं नाव घ्यायला नको?"

एकदा डोरीन नावाच्या आजींना मी हा प्रश्न विचारला. त्या कुजबुजल्या, "पहिल्या नवऱ्याकडून. पण रेडिओवर बोलू नका हं, दुसरा आत्ता भेटायला येईल!"

केननं ते सांभाळून घेतलं. "डोरीनसाठी, एका जुन्या मित्राकडून," एवढंच म्हणाला.

पुढच्या गुरुवारी दुसरे यजमान स्टुडिओच्या दारात हजर! मी हातातल्या चिठ्ठ्या पाठीमागे लपवल्या.

"ते गाणं परत लावाल का?" ते म्हणाले. "कितीतरी दिवसांनी ती हसली. आणि या वेळी माझं नाव घ्या. तो जुना मित्र मीच असणार!"

*

विन्स्टन नावाचे एक जमैकन गृहस्थ गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आले होते. आयुष्य गिरणीत गेलेलं. त्यांनी इतकं जुनं बँजोचं गाणं मागितलं, की केनलाही शोधावं लागलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'आईकडून, रविवारी, इस्त्री करताना.'

शेजारच्या बेडवरचा म्हातारा म्हणाला, "तुम्ही लोक हे ऐकता? हे काही तुमचं संगीत नाही."

विन्स्टननी शांतपणे हेडफोन कानाला लावले. "बँजो आमच्या आफ्रिकेतल्या आज्यापणज्यांचा. तो तुम्ही परत करा, मग मी गाणं परत करतो!"

केनला हे सांगितलं तेव्हा तो एवढा हसला, की पुढचं गाणं लावायचंच विसरला.

*

मग प्रत्येक बेडला नवे टीव्ही बसले आणि हेडफोन भिंतीवर लटकत राहिले. रेडिओच्या कमिटीतल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, "मार्च संपेपर्यंत दर गुरुवारी दहा चिठ्ठ्या. एकदा जरी कमी पडल्या, तरी हा तास कॉम्प्युटरकडे, गाणी तोच लावेल."

केन शर्टाच्या बाहीनं सीडी पुसत बसला. बाई गेल्यावर मला म्हणाला, "मी गुरुवारी दाढी करतो, लव्ह. बाकीच्या दिवशी करायला कारण नसतं."

त्यानंतर मी फिरायची नाही, धावायची!

*

फेब्रुवारीत एकदा नऊच चिठ्ठ्या झाल्या. मी गुपचूप दहावी भरली. नाव माझं, गाणं त्याच्याच सीडीवर दिसलेलं, आणि तिसऱ्या ओळीत 'नागपूरच्या काकांकडून.'

केननं चष्मा वर केला. "तुझ्या काकांनी घोडा तरी पाहिला होता का?"

"टांग्याचा," मी म्हटलं.

त्यानं चिठ्ठी फाडली. रागावला नाही, पण फाडली. "तुझं खरं गाणं असेल तर लिही."

"माझ्याकडे नाही. मला गाता येत नाही."

"घरी कोणी गुणगुणतही नाही?"

"नाही," मी म्हटलं.

अर्धा तास उरला होता. मी प्रसूतीच्या वॉर्डात पळाले. एका नव्या बापानं बाळ छातीशी धरून चिठ्ठी सांगितली, मी लिहिली. वाचलो!

*

मार्चचा शेवटचा गुरुवार. त्याच आठवड्यात ह्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. हे वॉर्ड सातमध्ये. सगळीकडे मी चिठ्ठ्या मागत फिरले, पण ह्यांच्याकडे गेले ती फक्त मऊ भाताचा डबा घेऊन. वर्षभर "तुझे ते घोडेवाले" म्हणणाऱ्या माणसाकडे काय मागायचं?

नऊ झाल्या. आठ गाणी वाजली, नववं सुरू झालं. केननं त्या दिवशी दाढी तर केलीच होती, टायही लावला होता. दोघंही घड्याळाकडे बघत नव्हतो.

नववं संपता संपता वॉर्ड सातची नर्स आत आली आणि घडी घातलेली चिठ्ठी टेबलावर ठेवून गेली. केननं ती उघडली आणि थेट माइकवरच वाचली.

"वॉर्ड सात, बेड सहा. गाण्याचं नाव: माहीत नाही. कोणाकडून ऐकलं: बायकोकडून. पोळ्या लाटताना गुणगुणते. मी स्वयंपाकघरात आलो की थांबते, त्यामुळे सव्वीस वर्षांत शेवट ऐकलेला नाही. कृपया पूर्ण लावा."

केननं चिठ्ठी उलटून पाहिली. मागे काही नव्हतं. मग त्यानं माइक हळूच माझ्याकडे सरकवला.

"शेवट येतो ना, लव्ह?"