गोफण, आरोळीसकट

लग्नाच्या व्हिडिओत हळद संपून मांडव येतो ना, तेव्हा मध्ये ‘सूंऽऽ’ असा एक आवाज टाकतात. आमच्या धंद्यात त्याला व्हूश म्हणतात. बारामतीच्या ज्या स्टुडिओत मी कामाला होते, तिथं सगळ्या लग्नांना एकच व्हूश, नेटवरून उतरवलेला. नवरी सांगवीची असो नाहीतर माळेगावची, सूंऽऽ तोच. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं.

तोवर माझ्याकडं अल्बम लावायचं आणि किरकोळ काटछाटीचं काम. एक दिवस मालक म्हणाले, “हे लग्न तू एकटी कर. जमलं तर मोठ्या स्क्रीनपुढची खुर्ची तुझी.” त्या खुर्चीवर माझा कधीपासूनचा डोळा. म्हटलं, करायचंच तर सगळं आपलं करू. व्हूशसुद्धा.

आधी ओढणी झटकून बघितली. फडफड नुसती. उसाचं पाचट हवेत मारलं, ते सळसळलं. मग सुट्टीला माझ्या गावी, कळसला गेले तर भिंतीला गोफण दिसली. अगं बाई, हिला कशी विसरले मी! लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की रानातल्या माळ्यावर उभं राहून पाखरं राखायला मीच असायचे. शाळेत जायच्या आधी आणि आल्यावरही.

चुलतीला मोबाईल धरायला लावला आणि मोकळ्या रानात जाऊन गोफण फिरवायला लागले. रिकामी गोफण नुसती लोळायला लागली. चुलती म्हणाली, “आगं, दगडाबिगर कुठं गोफण फिरती व्हय? पाखरं हसत्याल तुला!”

घातला दगड. आणि काय सांगू! असा घुमला आवाज, आधी जाड, मग बारीक, मग दोरी सुटल्यावर फट्कन. अंगावर काटा आला माझ्या. पण घोळ असा झाला, की दगड सुटला त्याच दमात तोंडातून आरोळी गेली, “हाऽऽ हुर्रऽऽ!” पाखरं राखलेल्या माणसाचं हे असंच. हात सुटला की तोंड सुटतं. पुन्हा फिरवली, पुन्हा आरोळी. ओठ दाबून धरले तर हातच ढिला पडायचा. चुलती हसून हसून खाली बसली. मोबाईलमध्ये तिचं हसूही आलं, ते मी नंतर कापलं.

आरोळीही कापून बघितली. पण मग आवाज मध्येच गळा दाबल्यासारखा संपायचा. ठेवली मग. बारीक केली, पण ठेवली. नवरी मांडवात येते तिथं लावली. एकदम जिवंत झालं ते सगळं.

मालकांनी बघितलं. दोन-तीन पोरं मागं उभी होती, ती फिदीफिदी हसली. “हे काय गावठी ओरडणं लावलंस? लग्न आहे का पाखरं हाकायची आहेत? काढ ते.”

“दादा, नेटवरचं तेवढं चांगलं का? हे आपल्या रानातलं आहे.”

“पार्टी शिकलेली आहे. काढ म्हटलं ना! खुर्ची हवी का नको?”

खोटं कशाला बोलू, हवी होती. पण ज्या आरोळीनं आमच्या घरात ज्वारी आली, तिला मी स्वतःच्या हातानं कापू? कुणाची लाज म्हणून? मी म्हटलं, “न्हाय काढणार.” रागात शहरी बोलणं सुटलंच माझं. डबा उचलला आणि एसटी धरली.

त्यांनी आरोळी काढून तोच जुना सूंऽऽ टाकला. पार्टी खूश झाली म्हणे. कुणाला काही फरक पडला नाही. हे कळलं तेव्हा मी रडले, आणि रडून झाल्यावर जास्तच पेटले.

आता कळसलाच जुन्या लॅपटॉपवर काम करते. बारसं, वाढदिवस, कुणाच्या नव्या ट्रॅक्टरची पूजा. प्रत्येकात माझीच गोफण, आरोळीसकट. ज्याला नको त्यानं दुसरीकडं जावं.

परवा मालकांचा फोन आला. “तुझ्यासारखा हात कुणाचा नाही. ये परत, खुर्ची तुझीच. फक्त ते ओरडणं सोड.”

क्षणभर डोळ्यापुढं ती मोठी स्क्रीन आली.

म्हटलं, “दादा, येते. पण ओरडत येणार. चालत नसंल तर ऱ्हाऊ द्या खुर्ची मोकळी.”

फोन त्यांनी ठेवला. खुर्ची अजून मोकळीच आहे, असं तिथली पोरं सांगतात.