जुईचे पप्पा खाली होते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या लेकीला तर नाहीच. आठ वर्षं झाली. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या घरातले नाही. उद्या सकाळी चहाला समोर येणार नाही.

भाईंदर पश्चिमेला माझी पिठाची गिरणी आहे. पंचवीस वर्षं मीच चालवते. माझा हात वजनाला पक्का आहे — डबा उचलला की किती भरला ते काट्याआधी कळतं. हे आधीच सांगून ठेवते. नंतर मी म्हणू नये, की मला कळलं नव्हतं.

माझी लेक प्रणाली. तिने उत्तनजवळच्या पालीच्या हरेशशी लग्न केलं, स्वतःच्या मर्जीने. हरेश कोळी, घरची बोट. आम्ही आगरी, आजोबांची मिठागरं होती. मासळीशिवाय आमच्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. पण मासे खाणं वेगळं आणि मासे धरणारा जावई वेगळा — असं मला वाटायचं. लाज वाटते का आज? वाटते. तेव्हा वाटली नाही. मला ऑफिसात जाणारा, इस्त्रीचा शर्ट घालणारा जावई हवा होता. हा आला तो मासळीच्या वासासकट.

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे सगळा कारभार माझ्याकडे. नर्सिंग होम मी ठरवलं, डॉक्टर मी ठरवली. आणि दिवस भरायच्या आधीच प्रणालीचं ब्लडप्रेशर चढलं, घाईघाईने सिझर करावं लागलं. कागदावर सही माझीच. पालीहून बस पकडून हरेश पोचला तोवर मुलगी झाली होती. एक किलो आठशे ग्रॅम. एवढीशी! माझ्या गिरणीत याहून मोठं दळण लोक हातात धरून आणतात.

प्रणालीला ताप. तिला धड उठून बसता येईना. बाळाच्या खोलीतली सिस्टर केरळची, कामाला चोख. ती बाहेर आली आणि म्हणाली, "मौसी, बच्ची को छाती से लगाके रखना है. मम्मी को बुखार है. पापा किधर है?"

पापा कुठे होता? खाली. तीन जिने उतरून मेडिकलच्या दुकानाच्या पायरीवर, मांडीवर गरम पाण्याचा थर्मास घेऊन बसला होता. मी हाक मारली असती तर एका दमात वर आला असता.

मी म्हणाले, "वो तो बोट लेके गया है समुंदर में."

कळतंय का तुम्हाला, मी काय केलं? महिना आषाढ. मासेमारी बंद. पालीपासून उत्तनपर्यंत सगळ्या बोटी किनाऱ्याला ओढून, झाकून ठेवलेल्या. भाईंदरच्या कुठल्याही पोराने मला तिथल्या तिथे खोटं पाडलं असतं. सिस्टर बिचारी परगावची. तिने मान डोलावली.

मग मी खाली गेले. त्याला म्हणाले, "हरेश, सिस्टर पुरुषांना वर सोडत नाही. इन्फेक्शन होतं म्हणे."

तो उठून उभा राहिला. "असं हाय काय, आई? मग मी हितंच बसतो. काय लागलं तर आवाज द्या."

प्रणालीलाही मी हेच सांगितलं. सिस्टरला एक खोटं, या दोघांना दुसरं, आणि मध्ये जिन्यावरून येजा करणारी मी.

बाळाला मीच छातीशी धरलं. आजीनेही धरलं तरी चालतं, सिस्टरने शिकवलं. पण मला गिरणी सुटत नव्हती. तासाभराने फोन वाजायचा, पट्टा सुटला, माणूस आला नाही — मी बाळ ठेवून निघायची. लहान बाळाचं वजन सुरुवातीला थोडं उतरतंच, असं डॉक्टर म्हणाल्या. खरं असेल. पण तिला जितका वेळ ऊब मिळायला हवी होती तितका वेळ मिळत नव्हती. तिसऱ्या दिवशी मी तिला उचललं आणि माझ्या हाताला कळलं. काट्याआधी कळलं. एक किलो सातशे वीस.

तरीही मी खाली हाक मारली नाही.

हा माझा गुन्हा. बाकीचं सगळं याच्याभोवतीचं.

त्याच दिवशी दुपारी सिस्टर औषध आणायला स्वतः खाली उतरली. मी डबा धुवायला मागोमाग. हरेश तिच्या पुढ्यात उभा राहिला. "सिस्टर, तिसऱ्या माळ्यावरची बेबी कशी हाय? मी बाप हाय तिचा."

सिस्टर थबकली. "तुम पापा है? तुम तो बोट पे गया था ना? मौसी बोली."

हरेशने माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, हातात डबा. त्याला सगळं कळलं — वर कुणी अडवलं नव्हतं, अडवणारी समोर उभी होती. तो कोळी होता. आषाढात बोट समुद्रात गेली असं म्हणणं म्हणजे काय, ते त्याच्याहून जास्त कुणाला कळणार?

"हां सिस्टर," तो म्हणाला. "अभी आया."

आणि पायऱ्या चढून वर गेला.

इथून पुढचं मात्र मी मान वर करून सांगणार आहे, कारण ते माझं नाही, त्याचं आहे. त्याने आंघोळ केली, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, शर्टाची बटणं सोडली. सिस्टरने टोपी घातलेलं ते बाळ त्याच्या छातीवर ठेवलं आणि वरून मऊ लुगड्याने बांधलं. आणि हा गडी खुर्चीत जो बसला! जाळं टाकून वाट बघायची सवय असलेला माणूस. चार-चार तास हलायचा नाही. पाय मुंग्यांनी भरायचे, तरी नाही. तिच्या कानाशी हळूच माशांची नावं सांगायचा — "ही सुरमय, हा रावस, ही घोळ, आन् बोंबील तुझ्या आजीला लय आवडतात बरं."

काटा थांबला. मग दहा ग्रॅम वर. मग वीस. एके दिवशी पस्तीस! सिस्टर आकडा मोठ्याने सांगायची आणि सगळा मजला ऐकायचा. शेजारच्या बाळाचा बाप, कापडाच्या दुकानातला गुजराती, शर्ट काढायला लाजत होता. हरेशने त्याला बोलावलं, "अरे शेठ, आओ ना, क्या शरमाता है? बच्चा तेरा है." तो बसला. मग आणखी एक. मी डबा घेऊन वर आले तर तीन बाप ओळीने खुर्च्यांत, उघड्या छातीने, प्रत्येकाच्या छातीवर एकेक टोपी. मधला माझा जावई. त्या मजल्यावरचा राजा तो.

तेराव्या दिवशी एक किलो नऊशे दहा. सिस्टरने टाळ्या वाजवल्या. हरेश तिला छातीशी बांधूनच तीन जिने उतरला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "भाऊ, खड्डा आला तर मला आधी विचारायचं!"

बारशाला तिचं नाव ठेवलं जुई. पाळणा हलवून झाल्यावर प्रणाली सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "आमच्या आईमुळे झालं हे. सिस्टर हरेशला वर सोडतच नव्हती. आई भांडली, तेव्हा सोडलं." तिला हे कुणी सांगितलं होतं? हरेशने. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "मग काय, सोडते की काय मी!" बायका हसल्या. हरेशही हसला. त्याच्या आईने माझे हात हातात घेतले.

त्याने मला कधी काही विचारलं नाही. आजही सणाला आला की पिशवीत माझ्यासाठी निवडून आणलेले बोंबील असतात. मी ते घेते, धुते, तळते आणि खाते.

गेल्या महिन्यात जुई आली होती. आता ती आठ वर्षांची, दणकट, पाण्याला न घाबरणारी. जेवताना तिने विचारलं, "पप्पा, मी जन्मले तेव्हा तुम्ही मला पयलं उचललं का?"

"न्हाय गं," हरेश म्हणाला. "तीन दिस खालीच होतो. वर सोडत नव्हते."

"कोण सोडत नव्हतं?"

त्याने तिच्या ताटात भात वाढला. "सिस्टर होती एक," तो म्हणाला.

सिस्टर नव्हती. मी होते. मी तिथेच, त्या दोघांच्या समोर बसले होते, आणि जेवत राहिले.