मुंग्यांबद्दलचा प्रश्न

मी शहाद्याजवळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाचं पेशीविज्ञान माझ्याकडे असतं. त्यात पेशी एकमेकींना निरोप कसे पाठवतात, हे प्रकरण माझ्या सगळ्यात आवडीचं. ते मी चांगलं शिकवते, असं मुलंही म्हणतात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याला विषय कच्चा होता अशी सबब मला देता येत नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात मोलगीकडच्या एका पाड्यावरची मुलगी होती. घरी पावरी बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली. त्यामुळे ती पुस्तकात लिहिल्यासारखी मराठी बोलायची, एकेक शब्द तपासून. मुलींच्या वसतिगृहात राहायची. पहिल्या सत्रात ती दुसऱ्या बाकावर बसायची आणि तिच्या आकृत्या इतक्या नेटक्या असत की मी त्या इतरांना दाखवायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती एकाएकी शेवटच्या बाकावर गेली, दाराजवळ. कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटलीत पाणी भरून आणायची आणि तासभरात ती बाटली रिकामी व्हायची. आणि दर तासाला दोनदा तरी हात वर करून विचारायची, मॅडम, बाहेर जाऊ का.

सुरुवातीला मी जाऊ दिलं. मग मला त्याचा राग यायला लागला. हुशार मुलगी बिघडत चालली, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर त्यामागे आणखीही काही होतं. माझं माहेर तापीकाठचं, केळी आणि उसाचं. आमच्या बागेत डोंगरातली माणसं कामाला यायची, आणि त्यांच्या मागे उभं राहिल्याशिवाय काम होत नाही, हे वाक्य मी लहानपणापासून काकांच्या तोंडून ऐकत आले. ते मला पटतं का, असं कुणी विचारलं असतं तर मी चिडले असते. पण एका सकाळी ती तिसऱ्यांदा उठली तेव्हा माझ्या तोंडून निघालेला आवाज माझ्या काकांचा होता.

"माझ्या तासाला बाहेर गेलीस तर परत आत यायचं नाही," मी म्हणाले.

वर्गातली पुढची मुलं हसली. ती खाली बसली. त्यानंतर माझ्या तासाला तिने एकदाही हात वर केला नाही आणि बाटलीही आणली नाही. शिस्त लागली, असं मला वाटलं.

आमच्या विभागात झाडलोट करणाऱ्या मावशी आहेत. त्या एकदा प्रयोगशाळेचं टेबल पुसता पुसता मला म्हणाल्या, "मॅडम, ती पोर सुकाई गयी. काय व्हयनं तिले?" वसतिगृहाचं जेवण जात नसेल, असं मी उत्तर दिलं. मावशींनी फडकं पिळलं आणि पुढचं टेबल पुसायला घेतलं. मीही मान वर करून त्या मुलीकडे नीट पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिच्या कुडत्याचे खांदे दंडावर उतरलेले दिसले असते.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी इन्सुलिन शिकवलं.

हा तास माझा हातखंडा आहे. मी मुलांना सांगते की इन्सुलिन पेशीच्या आत जातच नाही. ते बाहेरच्या बाहेर, पेशीच्या आवरणातून डोकावणाऱ्या रिसेप्टरला चिकटतं. तेवढ्याने रिसेप्टरचा आतला भाग जागा होतो, शेजारच्या प्रथिनाला फॉस्फेट लावतो, ते प्रथिन पुढच्याला जागं करतं, आणि असा निरोप आत आत पोचतो. मग पेशीच्या पोटात पडून असलेल्या बारीक पिशव्या आवरणाकडे सरकतात. त्या पिशव्यांत साखर आत घेणारी दारं असतात. ती आवरणात बसली की मगच रक्तातली साखर आत येते. फळ्यावर हे काढायला मला पाच रंगांचे खडू लागतात.

त्या दिवशी तिने हात वर केला. बाहेर जायचं विचारतेय असं वाटून मी कपाळाला आठ्या घातल्या. पण तिने विचारलं, "मॅडम, इन्सुलिन आलंच नाही तर रक्तात साखर असूनही पेशी उपाशी राहील का?"

मी म्हणाले, हो, अगदी बरोबर. मग शरीर चरबी जाळतं, माणूस खातो तरी वाळत जातो, साखर लघवीवाटे निघून जाते आणि जाताना पाणी ओढून नेते, म्हणून तहान भागत नाही. पूर्वी तपासणीची सोय नव्हती तेव्हा लघवीला मुंग्या लागल्या की लोक रोग ओळखायचे, हेही सांगितलं. मुंग्यांवर वर्ग हसला. मीही हसले. ती लिहून घेत होती.

माझ्यापासून पंधरा फुटांवर बसलेल्या मुलीचीच लक्षणं मी ओळीने सांगत होते.

तास संपल्यावर ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. कॉलेजात तपासणी समिती येणार होती आणि मी फाइलींच्या ढिगाऱ्यात बसले होते. तिने आत येऊ का विचारलं. मी मान न उचलता काय आहे म्हटलं.

"मॅडम, ते मुंग्यांचं... ते खरंच तसं होतं का? आमच्या वसतिगृहात..."

"परीक्षेला येत नाही ते," मी म्हणाले. "काही विचारायचं असेल तर उद्या वर्गात विचार."

 बरं मॅडम म्हणून ती गेली. ते वाक्य मी पूर्ण होऊ दिलं असतं तर त्याला आणखी दोन श्वास लागले असते.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात नव्हती. मोलगीचा बाजार होता, आणि बाजाराला तिची आई पाड्यावरून खाली येणार म्हणून ती सकाळच्या बसने निघाली होती, हे मला नंतर कळलं. अक्कलकुव्यापर्यंत बसने आणि तिथून पुढे जीपने. घाटात तिला उलट्या सुरू झाल्या. घाटात उलट्या बऱ्याच जणांना होतात, तेव्हा कुणाला विशेष काही वाटलं नाही. एका बाईने तिला चघळायला चिंच दिली. पण मोलगीला उतरल्यावर तिला उभं राहता येईना आणि धावून आल्यासारखा मोठा श्वास लागला. आईने चार माणसांच्या मदतीने तिला तिथल्या दवाखान्यात नेलं. नर्सने विचारलं, काय खाल्लं होतं. मुलीला धड बोलता येत नव्हतं, तरी ती म्हणाली, माझी साखर बघा.

नर्सने बोट टोचून तपासलं. साखर यंत्राच्या आवाक्याबाहेर गेली की ते आकडा दाखवत नाही. तेच झालं. त्यांनी लगेच सलाइन लावून तिला रुग्णवाहिकेने नंदुरबारला पाठवलं.

सोमवारी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने मला हे सांगितलं. मी पुढचा तास सोडला आणि नंदुरबारची बस धरली. सबंध रस्ता मी मनात हिशेब मांडत होते की दिवाळीपासून किती आठवडे झाले आणि त्यात माझे तास किती.

ती शुद्धीवर होती. डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा. वॉर्डातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं की शरीराच्या रक्षक पेशींनीच तिच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या आहेत, आता जन्मभर इंजेक्शन घ्यावं लागेल. मी प्राणिशास्त्र शिकवते हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी मान डोलावत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, आणखी काही तास गेले असते तर कठीण होतं, बरं झालं तिने स्वतःच साखरेचं सांगितलं.

तिचे वडील खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले होते. ऊसतोडीला गुजरातेत गेले होते, निरोप मिळताच तसेच आले होते. मुलीने मी कोण ते सांगितल्यावर ते उठले आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

"बाई, तुम्ही शिकवलं म्हणून पोरगी वाचली," ते म्हणाले.

त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, "ती हुशार आहे." हे खरं होतं, आणि त्याचा आडोसा घेऊन मी बाकीचं गिळलं.

पुढचं सगळं त्यातूनच आलं. वडिलांनी ही गोष्ट मैत्रिणीला सांगितली, मैत्रिणीने वसतिगृहात, आणि आठवड्याभरात प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. वर्गात शिकवलेल्या ज्ञानाने विद्यार्थिनीचा जीव वाचला, हे त्यांना फार आवडलं होतं. विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात माझा सत्कार ठरला. मी दोनदा नको म्हणाले. लोकांनी तो विनय समजला. तिसऱ्यांदा नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायची माझी छाती झाली नाही.

तोवर ती कॉलेजात परतली होती. मला पुष्पगुच्छ द्यायला तिलाच व्यासपीठावर बोलावलं. मी शाल पांघरून, नारळ धरून उभी, आणि ती झेंडूची फुलं घेऊन पायऱ्या चढून येतेय. तिने गुच्छ दिला, वाकून नमस्कार केला. टाळ्या चालू होत्या. मागच्या रांगेत मावशी उभ्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, असं मला वाटलं. कदाचित हातात चहाचा ट्रे असेल.

दुसऱ्या दिवशी मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि सगळं बोलले. बाहेर जाऊ दिलं नाही ते, मावशींचं ऐकलं नाही ते, आणि प्रयोगशाळेच्या दारातून तिला परत पाठवलं ते.  

"मला माहीत आहे, मॅडम," ती म्हणाली. मग तिने सांगितलं की त्या दिवसांत माझ्या तासाआधी ती सकाळपासून पाणी प्यायचीच नाही, म्हणजे मध्ये उठावं लागणार नाही. जीभ टाळूला चिकटायची. हे तिने तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितलं. 

मी तिच्या वडिलांना भेटून सांगते, प्राचार्यांनाही सांगते, असं मी म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा ती घाईने बोलली.

"बाबांना नका सांगू. ते सगळ्यांना सांगत फिरतात की कॉलेजमुळे मी वाचले. धाकट्या बहिणीची शाळा बंद करणार होते, आता नाही करत." मग खाली बघून म्हणाली, "तुम्हाला हलकं वाटेल, मॅडम. पण तिचं काय?"

तिच्या वडिलांना मी सांगितलं नाही. प्राचार्यांना मात्र मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि एवढं मनाला लावून घेऊ नका म्हणाले. शाल अजून माझ्या कपाटात आहे.

ती पास झाली. आता मोलगीच्या बाजूलाच एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. मागच्या हिवाळ्यात तिने मला पाड्यावर बोलावलं. जीप जिथे थांबते तिथून पाऊण तास चढण आहे. घरात वीज असते आणि नसते, म्हणून इन्सुलिनसाठी तिने मोठ्या मडक्यात वाळू भरून तिच्यात लहान मडकं बसवलं आहे. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. तिने मला त्यात हात घालून बघायला लावलं. आत चांगला गारवा होता.

वडिलांनी शेजारच्या घरांतून माणसं बोलावली. मग त्यांनी पावरीत गोष्ट सांगायला सुरुवात केली. मला त्यातला 'मॅडम' एवढाच शब्द कळत होता, आणि तो पुन्हा पुन्हा येत होता. दर वेळी दहा-बारा चेहरे माझ्याकडे वळत. भगरीचा भात आणि उडदाची डाळ माझ्यापुढे ठेवलेली, आणि मी नुसताच भात कालवत होते. मग वडिलांनी मलाच दोन शब्द बोलायला सांगितलं. मी लक्षणं सांगितली. पोर सारखी पाणी पिते का, सारखी बाहेर जाते का, खाऊन वाळते का, तर थांबू नका, दवाखान्यात न्या. तिने प्रत्येक वाक्याचं पावरीत भाषांतर केलं.

चुलीशी बसलेल्या एका म्हातारीने काहीतरी विचारलं. मी अर्थ विचारायला मुलीकडे पाहिलं.

"मॅडमला कसं कळलं, असं विचारतेय," ती म्हणाली.

मी तोंड उघडायच्या आत तिनेच उत्तर दिलं. बरंच लांब उत्तर होतं. म्हातारीने मान डोलावली, वडील हसले, कुणीतरी माझ्या ताटात आणखी डाळ वाढली. ती काय बोलली हे मी तिला विचारलं नाही.