ट्रंक कॉलवरचा माझा आवाज

घरात सर्वांत मोठा आवाज माझा, म्हणून अण्णा गेल्याचं पुण्याला दादाला कळवायचं काम माझ्याकडे आलं. तो आल्याशिवाय अण्णांना उचलायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. सत्तरच्या दशकातलं नाशिक. आमच्या गल्लीत फोन एकच, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. ट्रंक कॉल बुक करून मी गुळाच्या ढेपेशेजारी बसून राहिलो. रडू येत नव्हतं. गुळावरच्या माश्या मात्र अगदी नीट दिसत होत्या.

दुपारी एकदाची लाइन लागली.

"दादा, अण्णा वारले!"

"काही ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल!"

"अण्णा वारले! सकाळी!"

दुकानातलं तोलणं थांबलं. समोरच्या सलूनमधून अर्ध्या दाढीचे एक गृहस्थ बाहेर आले.

"अरे, अजून मोठ्यानं!"

पुन्हा ओरडलो तेव्हा दादाला कळलं. मग त्यानं विचारलं, "आई कशी आहे?"

फोनवर नेहमी सांगायचो तेच मी त्याच पट्टीत ओरडून सांगितलं, "मजेत!"

दुकानदारानं माझ्या हातून रिसीव्हर काढून घेतला. "मिळेल त्या एसटीनं निघा, दादा. तुमच्यासाठी थांबलेत सगळे," तो म्हणाला.

हे सांगायलाच तर मला पाठवलं होतं.