फुलपाखराची हवापालट

एका फुलपाखराला स्वच्छ हवेत न्यायचं म्हणून आम्ही तिघं, नोव्हेंबरातल्या एका रविवारी, दिल्लीबाहेर मानेसरच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. (फुलपाखरू धरून चौघं.)

सुरुवात माझ्या हौसेतून झाली. दिल्लीत वाढणाऱ्या पोरीला निसर्ग कळावा, म्हणून पाच वर्षांच्या सईला मी रोज फुलपाखरांचं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवायचो. मग आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये, कुंडीतल्या लिंबावर, खराखुरा सुरवंट सापडला. (सई त्याला 'कीडा' म्हणायची. मी दर वेळी दुरुस्त करायचो आणि तिने दर वेळी ते कानाआड केलं.) त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलं. पठ्ठ्याने मंजिरीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, लिंबाचं रोप फस्त केलं, मग कोश केला, आणि त्या रविवारी सकाळी चक्क फुलपाखरू बाहेर आलं. सई टाळ्या पिटत घरभर नाचली.

"चला, आता त्याला सोडून देऊ," मी बाल्कनीचं दार उघडत म्हणालो.

सई दारात आडवी उभी राहिली. "बाबा, बाहर तो पोल्यूशन आहे ना? मला तू मास्कशिवाय सोडत नाहीस. मग हे कसं जाणार?"

हवा इतकी खराब होती की आठवडाभर शाळासुद्धा बंद होती.

"द्या आता उत्तर, निसर्गप्रेमी," मंजिरी म्हणाली.

"आपण त्याला स्वच्छ हवेत सोडू," मी बोलून बसलो.

"आणि ती कुठे मिळते?"

"मानेसरच्या पुढे. अरवलीच्या टेकड्यांत."

"अरे यार, समोरच्या पार्कात सोड ना! एवढ्याशा जिवासाठी आपली जुनी डिझेल गाडी इतक्या लांब नेणार?"

पण सईने तोवर "प्रॉमिस?" विचारलं होतं, आणि मी "प्रॉमिस" म्हणून मोकळा झालो होतो.

हायवेवर गाड्या जागच्या हलेनात. सईने "त्याला पण बाहेरचं बघू दे" म्हणून खोकं उघडलं आणि फुलपाखरू माझ्या बाजूच्या काचेवर जाऊन बसलं. तेवढ्यात एका मोटारसायकलवाल्याने त्याच काचेवर टकटक केली आणि ओरडून सांगितलं, "भाईसाब, आपकी गाडी बहुत धुआँ मार रही है."

"काच उघडू नकोस हं," मंजिरी म्हणाली.

उघडणार नव्हतोच. पण माझी गाडी आणि धूर? मला, रोज निसर्गाचं पुस्तक वाचणाऱ्या माणसाला, हे ऐकवायचं? मी काच खाली केली आणि पर्यावरणाबद्दल मला किती कळकळ आहे, हे त्याला हिंदीतून सांगू लागलो. माझं हिंदी संपेपर्यंत फुलपाखरू कानाजवळून बाहेर गेलं होतं. दोन ट्रकांच्या मधल्या काळ्या धुरात ते एकदा दिसलं. मग नाही.

सई रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती रिकाम्या खोक्याकडे बघत राहिली.

"बाबा, त्याला खोकला होईल?" तिने विचारलं.

"फुलपाखरांना खोकला होत नाही गं."

"पुस्तकात लिहिलंय?"

पुस्तकात असलं काहीच नव्हतं. ट्रॅफिक सुटल्यावर मी गाडी वळवली. पोरीने माझ्यावर विश्वास टाकला होता आणि मी तो एका भांडणापायी घालवला, याचं फार वाईट वाटत होतं. अजून वाटतं.

शाळा सुरू झाली आणि तिच्या मॅडमचा फोन आला. वर्गात चेंडूचा खेळ होता. ज्याच्या हातात चेंडू येईल त्याने फुलपाखराचा एकेक शत्रू सांगायचा. छिपकली झाली, मकडी झाली, चिडिया झाली. सईच्या हातात चेंडू आला.

"कहने लगी, मेरे बाबा," मॅडम काळजीने म्हणाल्या. "मैंने दो बार पूछा. आप ही का नाम ले रही है. क्या करें?"

"जवाब सही है, मॅडम," मी म्हणालो. "पूरे नंबर दीजिए."