चक्की बंद ठेवून

मला नांदुऱ्याच्या स्टेशनवर सोडायला बाबा आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर पीठ होतं. लोकांची दळणं तशीच ठेवून, चक्की मध्येच बंद करून ते आले होते. मी पत्रकारिता शिकायला पुण्याला निघालो होतो. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चालू लागले आणि म्हणाले, "तिथं सगळ्याइच्या संग राहजो. एकला पडू नको." हे ते ओरडूनच म्हणाले, कारण जन्मभर चक्कीच्या आवाजावर बोलल्यामुळे त्यांना हळू बोलता यायचं नाही. डब्यातली माणसं वळून बघायला लागली, आणि गाडीनं जरा लवकर वेग घ्यावा असं मला वाटलं.

आमची पिठाची चक्की बाजाराच्या रस्त्यावर आहे. दळण होईपर्यंत माणसं थांबायची आणि थांबलेली माणसं पिच्चरवर बोलायची. खामगावला जाऊन कोणी नवा पिच्चर पाहून आला की त्यानं चक्कीवर येऊन गोष्ट सांगायची, असा रिवाजच होता. शेजारच्या दुकानात गाद्या भरणारे रफिकचाचा अंगावरचा कापूस झटकत यायचे आणि सांगणारा लांबण लावायला लागला की त्याला मध्येच अडवायचे. शेवटचा शब्द मात्र बाबांचा. त्यांची कसोटी एकच होती. "इंटरवलपर्यंत मले चक्कीची याद आली नाई पाह्यजे." याद आली तर पिच्चर बाद. भलेभले हिरो त्यांनी असे भर बाजारात, पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून निकालात काढले. समोरच्याला काय वाटेल याची त्यांनी कधी फिकीर केली नाही, आणि मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटायचा.

पुण्यात मी सिनेमाचा समीक्षक झालो. आधी पेपरात रविवारचा कॉलम, मग पॉडकास्ट, मग वर्षाखेरीच्या चर्चा. यंदाचा ट्रेंड कोणता, कोणती लाट ओसरली, प्रेक्षकांची अभिरुची कुठे चालली आहे, असं आम्ही माइक लावून बोलतो. प्रेस शो संपला की आम्ही पाचसहा जण कॉफी घेतो, आणि कॉफी संपेपर्यंत सिनेमा कसा आहे ते ठरून गेलेलं असतं. ठरवत कोणीच नाही. पण वेगळं लिहिणारा पुढच्या वेळी टेबलाच्या कडेला बसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून आले त्यांना ही कडेची खुर्ची ठाऊक असेल. मी सगळ्यांच्या संग राहिलो. बाबांचं ऐकलं, अशी मी स्वतःची समजूतही घातली.

मी वाखाणलेला प्रत्येक सिनेमा बाबा खामगावला जाऊन पाहतात, हे मला फार उशिरा कळलं. आईनं फोनवर सहज सांगितलं, "तू म्हनशीन त्या पिच्चरले जातेत ना थे. रफिकभाईलेबी ओढून नेतेत." एका सिनेमात नायक अर्धा वेळ खिडकीबाहेर बघत बसतो. मी त्यावर शांततेविषयी दोन रकाने लिहिले होते. रफिकचाचा त्यात घोरले म्हणे. पण बाबांनी चक्कीवर सांगितलं, "चांगला हाये. समजून घ्या लागते." चक्कीच्या आठवणीची कसोटी त्यांनी माझ्यासाठी गुंडाळून ठेवली होती. हे ऐकून मी हसलो होतो, आज त्या हसण्याची लाज वाटते.

मग आमच्याच भागातला सिनेमा आला. त्यात बुलढाणा जिल्ह्यातला एक बाप मुलाकडे पुण्याला येतो. येताना गावच्या गव्हाच्या पिठाची पिशवी घेऊन येतो, लिफ्टमध्ये मोठ्यानं बोलतो, सुनेच्या पांढऱ्या सोफ्यावर पीठ सांडतो. प्रेस शोला सगळं थिएटर खो खो हसत होतं आणि मीही हसत होतो. माझ्या स्वयंपाकघरात तेव्हा बाबांनी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिलेलं पीठ होतं. मग कॉफीच्या टेबलावर 'मातीतला', 'अस्सल', 'बोलीभाषेची नवी लाट' असं सगळे म्हणत होते. मी त्यांचीच री ओढली आणि तसंच छापून आणलं.

बाबांनी या वेळी जीप केली. गल्लीतली माणसं घेऊन ते खामगावला गेले. तिथल्या थिएटरात म्हणे कोणी फारसं हसलं नाही. परत येताना जीपमध्ये एकानं तोंड उघडलं, "हे तं आपल्यालेच वेडं बनवून राह्यले." बाबा भडकले. "तुमाले समजला नाई! माह्यं पोट्टं तिथं याचाच अभ्यास करते, त्याले जास्त समजते का तुमाले?" पुढचे कित्येक आठवडे दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाशी ते त्या सिनेमाची बाजू घेऊन भांडले.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. वर्षाखेरीला 'बोलीभाषेची लाट' या विषयावर पुण्यात चर्चा ठेवली होती, आणि तोवर माझं मन मला फार खायला लागलं होतं. माइक हातात आला तसं मी सगळं बोलून टाकलं. हा सिनेमा आमच्या माणसांवर हसतो, मीही हसलो, माझं परीक्षण चुकलं. माझ्या स्वयंपाकघरातल्या पिठाच्या पिशवीचंही सांगितलं. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालिका म्हणाली, "किती ऑथेंटिक!" आणि लोक सेल्फी घ्यायला आले. घरी जाताना मला हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रफिकचाचांचा फोन आला. चर्चा यूट्यूबवर लाइव्ह होती. बाबांनी चक्की बंद ठेवून मोबाइल गव्हाच्या पोत्यावर टेकवून ठेवला होता आणि जीपमधल्या झाडून सगळ्यांना बोलावलं होतं. "तू बराबरच बोलला बेटा," चाचा म्हणाले, "पन तुह्या बापानं इतले दिवस आमच्यासंग झगडा केला तुह्यासाठी. लोकं हासले ना त्याच्यावर. म्हने, काय हो, आता तुमचं पोट्टंच काय म्हनून राह्यलं! उठून चक्की चालू केली त्यानं, दळन नव्हतं तरी. एक फोन तं कराचा होता बे आंधी."

एक फोन. पुण्यातल्या अनोळखी लोकांसमोर मला मोकळं व्हायचं सुचलं, आणि ज्या माणसानं माझ्या शब्दावर गल्लीशी भांडण घेतलं त्याला मी त्याच्याच चक्कीवर तोंडघशी पाडलं. मी लगेच फोन लावला. बाबा म्हणाले, "चांगलं बोलला. पीठ संपलं असंन तं सांगजो." त्यापुढे विषयच नाही.

गेल्या महिन्यात घरी गेलो. मीच म्हटलं, "बाबा, खामगावले जाऊ, पिच्चर पाहू." कुठलाही मारधाडीचा सिनेमा, ज्याच्यावर मला एक ओळ लिहायची नव्हती. अंधारात मी पडद्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघत होतो. पहिल्या तासात त्यांनी दोनदा खिशातून मोबाइल काढून वेळ पाहिली. चक्कीची याद येत होती, हे मला दिसत होतं. इंटरवलला दिवे लागले तसं मी विचारलं, "मंग? कसा हाये?" खूप वर्षांनी तो मोठा आवाज ऐकायला मी आसुसलो होतो. सगळ्या थिएटरनं वळून बघितलं असतं तरी मला चाललं असतं.

पुणं माझं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण घर कुठे असं कोणी विचारलं तर मी अजून त्या खडखडाटातल्या आवाजाकडेच बोट दाखवीन, जो कोणाचं तोंड बघून बोलत नव्हता.

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. माझ्या कानाशी तोंड आणलं आणि अगदी हळू म्हणाले, "तुले कसा वाटून राह्यला, थे सांग पह्यले. मंग मी लोकाइले तसंच सांगतो."